आगाऊ फेडलेला नवस

जेरुशाबाई झिराडकर कुणाला घाबरल्या, असा प्रसंग त्यांच्या ओळखीतल्या एकालाही आठवत नव्हता. मुंबईच्या इस्पितळात नवख्या नर्स असताना त्यांनी एका बड्या सर्जनला भर वॉर्डात ‘आधी हात धुवा’ म्हणून सुनावलं होतं. इस्रायलला आल्यावर सुरुवातीचे दिवस तंबूत गेले, तिथेही नळावर कुणी रांग मोडली की पहिला आवाज यांचा. पुढे लोद गावात दोन खोल्या मिळाल्या, कामगारांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. नवरा एलिएझर एका हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. एकुलती एक मुलगी एदना शिकली, लष्करातले दिवस भरून हैफाला गेली आणि आईसारखी नर्स झाली. या सगळ्यात बाईंनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत, पाचवारी पातळ आणि तोंडाचा पट्टा. मोरोक्को, येमेन, पोलंड, कुठून कुठून आलेले पेशंट त्यांना ‘सिस्टर’ म्हणत, आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा त्यांनाच जास्त भीत.

एदनाने लग्न जमवलं तेही स्वतःचं स्वतः. त्स्वी हैफाच्या बंदरात क्रेन चालवायचा. रुमानियाहून आलेला, उंचापुरा, हसरा, कामाला वाघ, आणि देवाधर्माच्या बाबतीत कोरा. बाईंनी त्याला घरी बोलावून तिखटजाळ मच्छीचं कालवण वाढलं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बाईंच्या लेखी मुलगा पास झाला.

घोडं अडलं ते लग्नाची नोंद करणाऱ्या धर्मगुरूंच्या ऑफिसातल्या टेबलाशी. आदल्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, मुख्य धर्मगुरूंकडून हुकूम निघाला होता. कोकणातून, मुंबई-ठाण्यातून आलेले आपले बेने इस्राएल लोक इतर यहुद्यांत लग्न करत असतील तर त्यांची आई कोण, आजी कोण, त्याच्या मागे कोण, हे जमेल तितकं खणून काढा आणि ते खरे यहुदी आहेत ना, याची खात्री करून घ्या. टेबलामागच्या गृहस्थांनी त्स्वीला नाव-गाव विचारून दोन मिनिटांत मोकळं केलं. मग ते बाईंकडे वळले.

“तुमच्या आईचं नाव? तिच्या आईचं? तिच्या आईचं?”

नावं बाईंना तोंडपाठ होती. आई मिल्काबाई, आजी दिनाबाई, पणजी रिबकामाय, खापरपणजी अकूबाई. अकूबाईचा झिराड गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी तो कधी फिरला नाही, म्हणून तर सगळा गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. दोन हजार वर्षं कुणी न सांगता, न बघता पाळलेला शनिवार. हे सगळं सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की त्स्वीला हे कुणी विचारलं नाही. त्यांनी तोंड मिटलं.

“ठाऊक आहेत सगळी,” त्या हिब्रूत म्हणाल्या. “पण विचारता म्हणून सांगणार नाही.”

गृहस्थ काही वाईट नव्हते, तेच तर वाईट होतं. त्यांनी समजुतीने तोडगा काढला. मुलीने एकदा तेविला करावी, म्हणजे साक्षीदारांसमोर विधीच्या कुंडात बुडी मारावी, शंका मिटली, लग्न मोकळं. एदनाने त्स्वीकडे पाहिलं, दोघांचेही चेहरे निवळले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती आईच्या मराठीला हिब्रूत उत्तर देत म्हणाली, “इम्मा, पाणीच तर आहे. पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिनिटांचं?” बाई म्हणाल्या. “मग त्यांनाच मारू दे की बुडी!”

पण एदनाने होकार देऊन टाकला. हॉल मंगळवारचा ठरला होता, पाहुण्यांना सांगून झालं होतं आणि त्स्वीच्या आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आदल्या शनिवारी, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस संपला की लगेच, हैफाला तेविला करायची असं ठरलं. पोरगी हट्टी. कुणाची होती, हे सांगायला नकोच.

त्या व्हरांड्यातच बाईंनी नवस बोलला. बेने इस्राएलांचा नवस एलियाहू हन्नाबीला. अडल्यानडल्याला धावून येणारा पैगंबर तो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, आणि हैफाला, समुद्राकाठच्या कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी त्याची गुहा. बाई म्हणाल्या, “लोदहून हैफापर्यंत पायी येईन आणि तुझ्या दारात मलिदा करीन. माझी मुलगी आहे तशी, कोरडी, मांडवात उभी राहिली पाहिजे.”

धाकटा दीर गिडियन हैफाच्या रेल्वे वर्कशॉपात होता. कळलं तसा पहिल्या गाडीने लोदला येऊन थडकला.

“वहिनी, नवस असा उलटा असतो का? आधी काम होतं, मग मलिदा. काम व्हायच्या आत फेडायला निघालात?”

“ह्या खेपेला आगाऊ,” बाई म्हणाल्या. “आतापर्यंत त्याने दिलं, मग आपण दिलं. आता मी आधी देते. बघू कसा टाळतो ते!”

“अहो, शंभर किलोमीटर! बस आहे, ट्रेन आहे!”

“बसने गेले तर त्याला काय सांगू, तिकीट काढलं म्हणून?” बाईंनी ठाण्याहून लग्नासाठी आलेले पोहे डब्यात घातले, वेलदोड्यांची पुडी ठेवली आणि डबा एलिएझरच्या जुन्या धोतरात बांधला. “तू शुक्रवारी दुपारी दहा माणसं जमव. आपली माणसं. आणि एदनाला आण. तिच्यासमोर मलिदा होईल, मग तिने बुडायचं तर खुशाल बुडावं.”

बाईंचा बेत साधा होता. शुक्रवारी पोचायचं, शनिवारची सांज व्हायच्या आत पोरीचं मन वळवायचं. डोळ्यांदेखत मलिद्याचं ताट मांडलेलं, आजोबाच्या वेळचं गाणं म्हणणारे दहा पुरुष, असं सगळं पाहिल्यावर ती त्या कुंडाकडे पाऊल टाकणार नाही, याची त्यांना खात्री होती. खात्री नव्हती ती फक्त पायांची.

सोमवारी सकाळी त्या निघाल्या. सुक्कोथचा सण उलटून गेला होता, ऊन उतरलं होतं. अंगावर पातळ, पायांत दवाखान्यातले कॅनव्हासचे पांढरे बूट, डोक्यावर छत्री, काखेत डबा. संत्र्यांच्या बागांमधून रस्ता जात होता आणि जाणारा प्रत्येक ट्रक थांबून ‘बसा, बसा’ म्हणत होता. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी नुसता हात हलवला. तिसऱ्या दिवशी एका लष्करी जीपमधला सार्जंट हट्टालाच पेटला, तेव्हा त्यांनी छत्री मिटून त्याच्याकडे रोखली आणि म्हणाल्या, “तुला आई आहे ना? मग तिला बसव!” बिचारा जीप घेऊन पळाला.

पाय थकायचे तेव्हा त्या नावं घ्यायच्या. मिल्काबाई, दिनाबाई, रिबकामाय, अकूबाई. चार नावांना चार पावलं, आणि पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात न सांगितलेली नावं त्यांनी सगळ्या किनाऱ्याला ऐकवली. रात्री पेताह तिकवाला, कफार साबाला, नेतान्याला ओळखीच्या घरी मुक्काम पडले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगायचंच, “सिस्टर, आजकाल पुष्कळ मुली उरकून टाकतात, कशाला डोक्यात राख घालता?” बाई गरम पाण्यात पाय सोडून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “मीठ टाक जरा पाण्यात.”

हदेराच्या पुढे टाचेने दगा दिला. फोड आला, फुटला, चिघळला. स्वतःच्या टाचेला त्यांनी पेशंटसारखं झापलं, मलमपट्टी केली आणि पुन्हा बूट चढवला. पण चाल निम्म्यावर आली. शुक्रवारी दुपारी गुहेशी पोचायचं, तर ऊन कलताना त्या अतलितच्याही अलीकडे लंगडत होत्या. उजवीकडे कार्मेलचा डोंगर सोबतीला आला होता, डावीकडे समुद्र. हैफा अजून वीस किलोमीटर. सूर्य मात्र थांबायला तयार नव्हता, आणि तो बुडाला की शब्बाथ लागणार, मग चालणं बंद.

अजून तासभर रेटलं असतं तर? अंधार पडल्यावर चालत राहिलं असतं तर? बाईंनी हा विचार केला, खोटं कशाला सांगा. मग आपल्याच विचाराची लाज वाटून त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. अकूबाईचा घाणा थांबत होता, तर आपले पाय कोण लागून गेले? समोर मोरोक्कोकडच्या शेतकऱ्यांची वस्ती होती. पहिल्याच घरात मिरियाम नावाची जाडजूड बाई दिवे लावण्याच्या गडबडीत होती. परक्या बाईला पातळात बघून तिने आधी डोळे विस्फारले, मग पायाकडे पाहिलं आणि काहीएक न विचारता खुर्ची पुढे केली.

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा रडल्या. शब्बाथच्या दिव्यांसमोर डोळे झाकून बराकाची प्रार्थना म्हणताना हात चेहऱ्यावर होतेच, त्यामुळे कुणाला दिसलं नाही. उद्या सांज झाली की हैफाला एदना पाण्यात उतरणार आणि आपण इथे, वीस किलोमीटरवर, पाय वर करून बसणार. एलियाहू हन्नाबीवर त्या मनातून भयंकर चिडल्या होत्या. आगाऊ दिलेलंही त्याने ठेवून घेतलं होतं.

शनिवारी ऊन वर आल्यावर वस्तीबाहेरच्या रस्त्यावर ट्रक थांबला. गुहेपाशी माणसं वाट पाहून गेली होती आणि आई कुठे पडली-झडली या काळजीने एदना रात्रभर झोपली नव्हती. त्स्वीने मित्राचा ट्रक मागून आणला होता. दोघं रस्त्यावरचं घर न् घर विचारत आली होती. शब्बाथला ट्रक आलेला बघून वस्तीतले म्हातारे ओरडले, म्हणून त्स्वीने तो हमरस्त्यालाच ठेवला होता.

मिरियामच्या अंगणात बाई खुर्चीवर बसल्या होत्या, टाच स्टुलावर.

“शनिवारी गाडीत बसून आलीस?” पहिला प्रश्न हाच.

“तुला शोधायला आले, इम्मा!”

“मी हरवले नव्हते. मी चालत होते.”

एदनाने गुडघे टेकून पट्टी सोडली, जखम पाहिली आणि ती तिथेच खाली बसली. त्स्वी म्हणाला, “सिस्टर, अर्ध्या तासात हैफा. उचलून नेतो तुम्हाला. पाय सुजलाय, आजारी माणसाला देवही माफ करतो.”

“मी नर्स आहे. टाचेने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही.” बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “त्स्वी, एक सांग. तुझे वडील शब्बाथ पाळतात?”

तो हसला. “बाबा? शब्बाथला सकाळी उठल्या उठल्या सिगारेट लागते त्यांना.”

“आणि तुझ्या आजीचं नाव काय?”

त्याचं हसू गेलं. “ठाऊक नाही. म्हणजे आईच्या आईचं. आई बोलत नाही त्यावर. युद्धात त्यांचं गावच उरलं नाही, तर सांगणार कोण?”

“मला सांगू नकोस, बाळा. मी विचारत नाहीये,” बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. “पण त्यांनीही विचारलं नाही तुला. आणि मी इथे बसलेय, कारण आज शनिवार आहे. आणि विचारतात मला.”

एदना अजून जमिनीवरच होती, हातात आईची टाच. ती मराठीत बोलली, अडखळत, कारण बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

“आई, पण पाणीच आहे ना ते?”

“पाण्याशी माझं भांडण नाही ग. तुझ्या बापाशी लग्न झालं तेव्हा मीही बुडी मारलीच की. ती नवरी म्हणून. ही कसली? उद्या तू त्या पाण्यातून यहुदी होऊन वर आलीस, तर काठावर मी कोण म्हणून उभी राहू? टॉवेल धरायला कोण आलंय म्हणून सांगशील?”

एदनाने पिशवीतून नवी पट्टी काढली, टाच बांधली, गाठ मारली. चांगली घट्ट, शिकवल्यासारखी. मग त्स्वीला हिब्रूत म्हणाली, “आज मी इथून हलत नाही. संध्याकाळी तू परत जाशील तेव्हा तुझ्या आईला सांग, मी बुडी मारणार नाही. ना आज, ना कधी.”

“आणि मंगळवार?”

“मंगळवारी माणसं जेवून जातील. किंवा नाही जेवणार. तुला थांबायचं नसेल तर तसं सांग.”

त्स्वी बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला. बाईंच्या मनात आलं, पोरीचं मन वळवायला आपण निघालो आणि पोरीचं लग्नच मोडून ठेवलं की काय! मग त्याने ट्रकची किल्ली मिरियामच्या टेबलावर, पावाखाली ठेवली आणि म्हणाला, “मग तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत मीही बसतो. जेवायला काय आहे?” त्याच्या आयुष्यातला हा पहिला पाळलेला शनिवार. तो बराचसा झोपेत गेला, पण पाळला गेला.

तारे दिसल्यावर तो गेला, आणि रविवारी पहाटे मायलेकी निघाल्या. एदनाने डबा घेतला, आईने छत्री. अतलित मागे पडलं तशी एदना म्हणाली, “ती नावं काय म्हणतेस तू सारखी?” बाईंनी सांगितली. पुढचा रस्ता दोघी मिळून नावं घेत गेल्या, कधी एदना चुकायची, कधी मुद्दाम चुकवायची. हैफाच्या वेशीवर समोरून त्स्वी चालत येताना दिसला. हातात नारळ होता. लग्नासाठी त्याने एका बोटीवरच्या खलाशाकडून पैदा केलेला.

गुहेशी गिडियन घामाघूम होऊन उभा होता. कामाचा दिवस, सुट्टी कुणाला मिळेना, त्याने कसेबसे आठ जण ओढून आणले होते. तो धरून नऊ. दहा पुरुषांशिवाय प्रार्थना उभी राहत नाही.

“आता दहावा कुठून आणू, वहिनी?”

बाईंनी त्स्वीच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं.

“ह्याला प्रार्थना येत नाहीत,” गिडियन कुजबुजला.

“उभं राहता येतं ना? उभा कर.” आणि मग बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आपण कुणाची आजी विचारत नाही.”

पोहे भिजले, नारळ खोवला गेला, ताटात फळं लागली. गुहेच्या दगडी छताखाली कोकणातल्या चालीवर एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू झालं. शेजारी मेणबत्त्या लावायला आलेल्या बायका थांबून ऐकू लागल्या. त्स्वी नुसतेच ओठ हलवत होता. प्रसाद वाटताना बाईंनी पहिली मूठ त्याच्या हातावर ठेवली.

सोमवारी त्स्वी एकटाच ऑफिसात गेला. हे बाईंना नंतर एदनाकडून कळलं. त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, “आधी माझी चौकशी करा. माझी आजी कोण होती हे सांगणारं एक माणूस जिवंत नाही. तिला बुडवायचं असेल तर आधी मला बुडवा.”

“तुझ्याबद्दल कुणाला शंका नाही,” गृहस्थ म्हणाले.

“का नाही?”

गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्स्वीने वाट पाहिली, मग तो हॉलचं बुकिंग रद्द करायला निघून गेला.

तो मंगळवार गेला, हिवाळा गेला. बाईंना लोकांनी हवं ते ऐकवलं. पोरीच्या संसाराच्या आड आली, आगाऊ नवसाचं हेच व्हायचं, वगैरे. बाई दवाखान्यात इंजेक्शनं देत राहिल्या. पुढल्या उन्हाळ्यात देशभरचे बेने इस्राएल यरुशलेमला जमून हुकुमाविरुद्ध रस्त्यावर बसले, तेव्हा झिराडकर मायलेकी पहिल्या दिवशी तिथे होत्या, आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून एक उंच रुमानियन. शेवटी पार्लमेंटने सांगितलं, की हे लोक सगळ्या अर्थाने यहुदी आहेत. हुकुमातून बेने इस्राएलांचं नाव निघालं. बाई म्हणाल्या, “सांगितलं म्हणजे उपकार नाही केले. अडवलं होतं, ते सोडलं.”

सुक्कोथ झाल्यावर तिघं पुन्हा नोंदणीला गेली. टेबलामागे दुसराच तरुण माणूस होता. त्याने एदनाचं नाव घेतलं, त्स्वीचं घेतलं, पत्ता विचारला, शिक्का मारला आणि ‘मझल तोव’, अभिनंदन, म्हणून पुढच्या जोडप्याला हाक मारली. एदना उठली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली, पदर सारखा केला, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माझी आई मिल्काबाई. तिची आई दिनाबाई. तिची आई रिबकामाय. तिची आई अकूबाई, झिराडची, शनवार तेली.”

तरुण गोंधळला. “बाई, मी विचारलं नव्हतं.”

“म्हणूनच सांगितलं,” बाई म्हणाल्या, आणि छत्री घेऊन उठल्या.